वाळवंटातील फिरती घरे आणि त्यांच्या ओल्या भिंती

फिनिक्स शहर सोडून महामार्ग क्रमांक १० ने पश्चिमेस सुमारे २०० किलोमीटर गेल्यावर क्वार्ट्‌झसाइट हे गाव लागते. अमेरिकेच्या अ‍ॅरिझोना राज्याचे हे पश्चिम टोक. येथून पुढे अर्ध्या तासाच्या आत कोलोराडो नदी येते आणि नदीपलीकडे कॅलिफोर्निया सुरू होतो. गावाभोवती उघडेबोडके करडे डोंगर आहेत. मधल्या सपाटीवर बारीक खडी अंथरल्यासारखी टणक जमीन, तीवर खुरटी झुडपे आणि मधूनच हात वर करून उभे असलेले उंच सग्वारो निवडुंग. कायमची वस्ती अडीच हजारांच्या आसपास. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांकडे झुकतो आणि दुपारी रस्त्यावर चिटपाखरूही दिसत नाही.

जानेवारी महिन्यात याच गावाचे रूप पालटते. महामार्गावरून उतरणाऱ्या वाहनांची रांग लांबच लांब होते आणि गावाच्या चारी बाजूंच्या सपाटीवर नजर पोहोचेल तिथवर पांढरी घरे उभी राहिलेली दिसतात. ही घरे चाकांवरची आहेत. इंग्रजीत त्यांना ‘रिक्रिएशनल व्हेइकल’ अथवा लघुनावाने ‘आर. व्ही.’ म्हणतात. काही घरांस स्वतःचे इंजिन असते. बहुतेक घरे मात्र मोठ्या गाडीमागे जोडून ओढत आणलेली असतात. दहा-बारा पावले लांबीच्या अशा एका डब्यात पलंग, शेगडी, शीतकपाट, न्हाणीघर, कपड्यांची कपाटे आणि पाण्याच्या टाक्या असा सगळा संसार बसवलेला असतो. कॅनडा, मिनेसोटा, मिशिगन, वॉशिंग्टन अशा थंड प्रदेशांतून निवृत्त माणसे हिवाळा काढण्यासाठी येथे येतात. त्यांना तिकडे ‘स्नोबर्ड’ म्हणजे हिमपक्षी असे नाव आहे. २०२१ साली ऑस्कर पारितोषिक मिळवणाऱ्या ‘नोमॅडलँड’ चित्रपटात हे गाव जगाने पाहिले. पण तेथे येणाऱ्यांची परंपरा त्याहून पुष्कळ जुनी आहे.

गावाच्या स्मशानभूमीत दगडांचा एक लहानसा पिरॅमिड असून त्याच्या माथ्यावर धातूचा उंट उभा आहे. हे हाजी अली यांचे स्मारक. मुंबईकरास हे नाव वाचून निराळेच स्थळ आठवेल. हे हाजी अली मूळचे सीरिया प्रांताकडचे उंटवाले होते. अमेरिकी सैन्याने वाळवंटात ओझी वाहण्यासाठी उंट वापरून पाहण्याचे ठरवले, तेव्हा १८५६ मध्ये उंटांबरोबर ते येथे आले. स्थानिक जिभेने त्यांच्या नावाचे ‘हाय जॉली’ करून टाकले. उंटांचा प्रयोग सोडून देण्यात आला, हाजी अली मात्र याच भूमीत राहिले आणि १९०२ मध्ये येथेच वारले. १९३५ मध्ये राज्याच्या महामार्ग खात्याने त्यांचे हे स्मारक उभारले. पाठीवर बिऱ्हाड घेऊन हिंडणाऱ्यांच्या या मुक्कामाला याहून साजेसे स्मारक मिळणे कठीण होते.

व्यापारी वाचकास गावाचा हिवाळी बाजार विशेष आवडेल. १९६०च्या दशकापासून येथे दगडांचा आणि रत्नांचा बाजार भरतो. गारगोटी, अकीक, पिरोजा, स्फटिक असा माल उघड्या मेजांवर आणि कित्येकदा बादल्यांत भरून ठेवलेला असतो. त्याच सुमारास फिरत्या घरांचे आणि त्यांच्या सुट्या सामानाचे मोठे प्रदर्शन तंबूत भरते. सौरतबके, नळ, पडदे, रबराच्या पट्ट्या, सीलंटच्या नळकांड्या आणि चिकटद्रव्यांचे डबे यांची तेथे झुंबड असते.

मुक्कामाची जमीन बहुतांशी केंद्र सरकारच्या भू-व्यवस्थापन विभागाची आहे. गावाच्या दक्षिणेस ला पोसा नावाचे विस्तीर्ण क्षेत्र दीर्घ मुक्कामासाठी राखून ठेवले आहे. १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल अशा सात महिन्यांच्या परवान्यास कित्येक वर्षे १८० डॉलर पडत असत. सात महिन्यांचे हे भाडे शहरातील एका खोलीच्या आठवड्याच्या भाड्याएवढेही भरत नाही. तेवढ्या रकमेत वीज मिळत नाही, दारात नळ येत नाही. पाणी भरण्याची आणि मैला रिकामा करण्याची सोय ठरावीक ठिकाणी जाऊन करावी लागते. हिशेब जुळवून जगणाऱ्या माणसाला मात्र हा सौदा परवडतो. येथे येणाऱ्यांपैकी काहींचे गावाकडे पक्के घर असते. पण काहींनी ते विकून टाकलेले असते, आणि त्यांच्यासाठी हा डबा सहलीचे वाहन राहत नाही. त्यांचे घर तेवढेच.

सकाळचे कलते ऊन अशा घराच्या बाजूवर पडते, तेव्हा भिंतीच्या एका टोकाशी गाल टेकवून दुसऱ्या टोकाकडे पाहावे. भिंत धड असेल तर ती आरशासारखी सरळ दिसते. धड नसेल तर खिडकीच्या खालच्या कोपऱ्याशी अथवा पुढच्या बाजूस ताटाएवढा फुगवटा दिसतो. कधी कधी दारभर पसरलेली लाट दिसते. बोटाच्या पेराने टिचकी मारली असता धड जागी टणक आवाज येतो आणि फुगलेल्या जागी पोकळ. आपल्याकडे गवंडी फरशी अशीच वाजवून पाहतो. त्या फुगवट्याचा अर्थ एकच असतो. भिंतीचे थर एकमेकांपासून सुटले आहेत, आणि ते बहुधा पाण्याने सोडवले आहेत. पाऊस वर्षाकाठी जेमतेम काही इंच पडतो अशा वाळवंटात उभ्या असलेल्या घरांच्या भिंती ओलीने कुजलेल्या असाव्यात हे नवल वाटते. पण ते पाणी येथले नसते. ओरेगॉनचा पाऊस, मिशिगनचे वितळलेले बर्फ असे कोठले कोठले पाणी भिंतीत बसून येथवर आलेले असते.

ही घरे जन्मतात तेथून सुमारे ३००० किलोमीटर दूर, इंडियाना राज्यातील एल्कहार्ट परगण्यात. शिकागोहून पूर्वेस दोन तासांच्या वाटेवर, सेंट जोसेफ आणि एल्कहार्ट या नद्यांच्या संगमावर हे शहर आहे. शतकापूर्वी ते पितळी वाद्यांसाठी प्रसिद्ध होते. अमेरिकेतील कित्येक बँडपथकांची कर्णे येथेच घडली. १९३०च्या दशकात येथे ओढण्याच्या घरांचे कारखाने निघाले आणि आज अमेरिकेतील बहुसंख्य फिरती घरे या एका परिसरात तयार होतात. महामार्गालगतच्या संग्रहालयात १९१३ मध्ये बांधलेले एक ओढगाडीचे घर जपून ठेवले आहे. ते पाहताना आजच्या डब्याशी त्याचे नाते लगेच ओळखू येते.

या धंद्याची चढउतार बँकेच्या खातेवहीत लाल-काळ्या शाईने उठून दिसावी अशी आहे. २००६ मध्ये कारखान्यांतून ३ लाख ९० हजारांच्या वर घरे बाहेर पडली. २००९ मध्ये ती १ लाख ६५ हजारांवर आली. त्या वर्षी एल्कहार्टमधील बेकारी २० टक्क्यांच्या जवळ पोहोचली होती आणि नव्याने पदारूढ झालेले अध्यक्ष बराक ओबामा फेब्रुवारीत स्वतः तेथे जाऊन आले. पुढे महामारीच्या काळात लोकांना विमाने आणि हॉटेले नकोशी झाली आणि २०२१ मध्ये हाच आकडा ६ लाखांवर गेला. २०२३ मध्ये तो पुन्हा ३ लाख १३ हजारांवर उतरला. कारखान्यांत आसपासच्या खेड्यांतील आमिश पंथाचे कारागीर मोठ्या संख्येने आहेत. दिवस पहाटे सुरू होतो आणि मजुरी बहुतेक ठिकाणी नगावर असते. नगावरच्या मजुरीत हात वेगाने चालतो. सांध्यात सीलंटची रेघ सलग पडली की मध्ये बोटभर तुटली, हे त्या वेगात निसटले तर दोन वर्षांनंतरच कळते.

भिंत कशी असते हे समजल्याशिवाय तिचे दुखणे समजणार नाही. बाहेरच्या अंगास फायबरग्लासचा चकचकीत, पातळ पत्रा असतो. त्याच्या पाठीशी तीन मिलिमीटरच्या आसपास जाडीचे लुआन प्लायवूड. हे लाकूड मूळचे फिलिपाइन्सकडचे, आता इंडोनेशिया-मलेशियाकडूनही येणारे. हलके, स्वस्त आणि पाण्याला भिणारे. त्यामागे थर्माकोलची जाड पाटी, तिच्यात अ‍ॅल्युमिनियमच्या चौकोनी नळ्यांची चौकट, आणि खोलीच्या बाजूस पुन्हा पातळ प्लायवूड, त्यावर भिंतीचा नक्षीदार कागद. ही सगळी चळत चिकटद्रव्याने जोडून रुळांतून दाबून काढतात अथवा निर्वाताने आवळतात. बाहेरचा पत्रा पाठच्या थरांशी खिळ्याने जोडलेला नसतो. सगळी भिस्त चिकटण्यावर. एकेक थर सुटा घेतला तर हाताने मोडेल असा असतो; चिकटल्यावर मात्र दोन इंचांपेक्षा कमी जाडीची भिंत ताशी शंभर किलोमीटरच्या वेगाचा वारा सोसते. वजन कमी ठेवल्याखेरीज साध्या गाडीने घर ओढता येत नाही, म्हणून ही रचना आली. तिच्यात दोष नाही. पाणी आत शिरले नाही तर ती पुष्कळ वर्षे टिकते.

पाणी शिरते ते भोकांतून आणि सांध्यांतून. छताच्या कडा, कोपऱ्यांवरच्या धातूच्या पट्ट्या, खिडक्यांच्या चौकटी, वरच्या अंगाचे लहान दिवे, शिडीचे स्क्रू असे प्रत्येक ठिकाण बंद असते ते केवळ सीलंटने. रस्त्यावर धावणारे घर सतत हादरत असते. उन्हाने तापणे आणि रात्री आकसणे हेही चालूच. सीलंटला केसाएवढी भेग पडते आणि तेथून थेंब आत जातो. घराबरोबर मिळणाऱ्या पुस्तिकेत सांधे वर्षातून निदान दोनदा तपासावेत असे सहसा लिहिलेले असते. ते वाक्य कोणी वाचत नाही. विक्रेताही विकताना ते मोठ्याने वाचून दाखवत नाही. मग कधीतरी फुगवटा दिसतो आणि त्या वाक्याचे महत्त्व कळते, कारण हमी बहुधा वर्षभराची असते आणि हळूहळू झिरपलेल्या पाण्याने झालेले नुकसान विमा कंपन्या सामान्यतः भरून देत नाहीत.

येथे पैशाची बाजू थोडी खोलात जाऊन पाहावी लागते. अमेरिकेत अशा घरासाठी १०, १५, प्रसंगी २० वर्षांच्या मुदतीचे कर्ज मिळते. तारण म्हणजे तेच घर. पक्क्या घराखाली जमीन असते आणि जमिनीचा भाव सहसा वाढतो. चाकांवरच्या घराखाली फक्त चाके असतात, आणि घसारा पहिल्या दिवसापासून सुरू होतो. लांब मुदतीच्या हप्त्यांत आरंभी व्याजच अधिक जाते, मुद्दल हळूहळू फिटते. त्यामुळे कित्येक वर्षे येणे बाकी ही मालाच्या किमतीहून जास्त राहते. साठी ओलांडलेले एखादे जोडपे घ्यावे. घर विकून आलेल्या रकमेतून त्यांनी जुनी देणी फेडली, चाळीस हजार डॉलरचे फिरते घर कर्जाने घेतले आणि निवृत्तिवेतनातून हप्ते भरू लागले. सातव्या वर्षी भिंत फुगली. दुकानदार म्हणतो, पूर्ण बाजू बदलावी लागेल. आणि तो जो अंदाज देतो तो घराच्या उरलेल्या किमतीच्या जवळ जातो. मोडीत काढावे तर हप्ते संपलेले नाहीत. विकावे तर फुगवटा पाहून गिऱ्हाईक पाठ फिरवते. दुरुस्तीही नाही, विक्रीही नाही, आणि राहायचे तर त्यातच आहे. अशा वेळी माणूस स्वतःच्या हाताने काय करता येईल ते शोधू लागतो, आणि तो शोध बहुधा इपॉक्सीपाशी येऊन थांबतो.

इपॉक्सी आपल्या घरांस अपरिचित नाही. फुटलेली मूर्ती अथवा कपाची दांडी जोडण्यासाठी दोन नळ्यांतून सारखे थेंब काढून कागदावर कालवायचे ते अराल्डाइट म्हणजे इपॉक्सीच. १९३०च्या दशकात स्वित्झर्लंडमध्ये पिएर कास्तान हे रसायनशास्त्रज्ञ कृत्रिम दातांसाठी योग्य द्रव्य शोधत होते. त्या शोधातून या रेझिनची वाट निघाली. पुढे सिबा कंपनीने ते अराल्डाइट नावाने बाजारात आणले. लाकडाशी या द्रव्याची सोयरीक घट्ट केली ती होड्या बांधणाऱ्यांनी. मिशिगन राज्यातील बे सिटी येथे गूजॉन बंधूंनी १९६९ च्या सुमारास लाकूड आणि इपॉक्सी एकत्र वापरून बर्फावरून घसरणाऱ्या आणि पाण्यावर चालणाऱ्या होड्या बांधल्या आणि तेच मिश्रण इतरांस विकू लागले. पाण्यात राहणाऱ्या लाकडास जे मानवले ते पावसात भिजणाऱ्या भिंतीलाही मानवेल, हा तर्क सरळ होता.

आणखी एक कारण आहे. होड्यांसाठी आणि फायबरच्या कामासाठी स्वस्तात मिळते ते पॉलिएस्टर रेझिन. त्यात स्टायरीन असते आणि स्टायरीनने थर्माकोल विरघळतो. भिंत जोडायला जावे आणि आतली पाटीच वितळून पोकळी व्हावी, असा प्रकार त्यातून होतो. इपॉक्सी थर्माकोलला अपाय करत नाही, सुकताना फारसे आकसत नाही आणि लाकूड, फायबर, धातू या तिन्हींना धरून ठेवते.

काम मात्र चिकटवण्यापासून सुरू होत नाही. प्रथम पाणी कोठून येते ते सापडावे लागते. काही कार्यशाळांत यासाठी घराच्या सर्व झरोक्यांना झाकून आत पंख्याने हवा भरतात आणि बाहेरून सांध्यांवर साबणाचे पाणी मारतात. जेथे बुडबुडे फुटतात तेथे भेग. सायकलच्या ट्यूबचे पंक्चर शोधण्यासारखाच हा प्रकार. भेग बंद न करता भिंत चिकटवली तर पाणी येतच राहते आणि आता बाहेर जाण्याची वाटही बुजलेली असते. असे घर वरून वर्षभर सुरेख दिसते आणि आतून झपाट्याने कुजते.

नंतर वाळवणे, आणि येथेच क्वार्ट्‌झसाइटची भूमी उपयोगी पडते. ओल्या लाकडात इपॉक्सी मुरत नाही. किनाऱ्यावरच्या दमट हवेत भिंतीची कड उघडून दोन महिने पंखे लावले तरी ओल मोजण्याच्या यंत्राचा काटा हटत नाही. वाळवंटातील कोरडी हवा तेच काम काही आठवड्यांत करते. कोपऱ्याची धातूची पट्टी काढतात, पत्र्याची सुटलेली कड हलकेच उचलतात आणि लाकडी पाचरी घालून फट उघडी ठेवतात. त्या फटीतून कुजलेल्या पानांसारखा कुबट वास येतो. हुक लावलेल्या लांब पट्टीने काळपट भुसा ओढून काढावा लागतो. मग सात महिन्यांच्या परवान्याचा खरा लाभ कळतो, कारण घाई करण्याचे कारण उरत नाही. ओल १२ ते १५ टक्क्यांच्या खाली येईपर्यंत थांबायचे. सकाळ-संध्याकाळ यंत्र टोचून वहीत आकडा लिहून ठेवणारी माणसे तेथे दिसतात. सवयीने हिशेबी असलेल्यांचे काम सहसा चांगले होते.

हवा कोरडी असली तरी तिची एक अडचण आहे. जानेवारीत दुपारी तापमान २० अंशांच्या आसपास असते आणि रात्री पाच अंशांपर्यंत उतरते. थंडीत इपॉक्सी घट्ट मधासारखी होते आणि नीट पिकत नाही. शिवाय लाकडाचा एक स्वभाव आहे. ते तापत असते तेव्हा त्यातील हवा फुगून बाहेर पडते आणि वरच्या लेपात फोड आणते. ते निवत असते तेव्हा तीच हवा आकसून लेप आत ओढून घेते. म्हणून जाणकार माणूस भिंत सकाळपासून उन्हात तापू देतो, दोनच्या सुमारास ऊन कलू लागले की मिश्रण ओततो आणि संध्याकाळपासून आत शेगडी लावून व बाहेर जाड पांघरूण घालून ऊब टिकवतो.

मिश्रणाचे प्रमाण हा विनोदाचा विषय नव्हे. गूजॉन बंधूंच्या प्रसिद्ध प्रकारात रेझिनचे ५ भाग आणि हार्डनरचा १ भाग असतो. इतरांच्यात २ अथवा ३ भागांस १. लवकर सुकावे म्हणून हार्डनर जास्त घातला तर काम लवकर होत नाही, ते कायमचे बिघडते. मिश्रण चिकट राहते आणि मग खरवडून काढण्याखेरीज उपाय नसतो. मोठ्या भिंतीसाठी संथ हार्डनर घ्यावा लागतो. कालवलेले मिश्रण खोल भांड्यात ठेवू नये. ते स्वतःच्या उष्णतेने तापते, कधी धूर निघून भांडे वितळते. पसरट ताटात ओतले की उष्णता निघून जाते आणि हाताशी वेळ राहतो. हातमोजे तर हवेतच. वारंवार कातडीस लागल्याने कित्येकांना या द्रव्याची अशी बाधा होते की पुढे आयुष्यभर त्याच्या जवळ जाता येत नाही.

थर उघडा असेल तर वरच्या कडेतून मिश्रण सोडतात आणि लांब पट्टीने आत पसरवतात. कड उघडण्यासारखी नसेल तर आतल्या, खोलीच्या बाजूने बारीक भोके पाडून पिचकारीने भरतात, म्हणजे बाहेरचा पत्रा विद्रूप होत नाही. त्यानंतरचा अर्धा तास धावपळीचा. फुगवट्यावर प्लास्टिकचा कागद, त्यावर जाड प्लायवूडची फळी, फळीवर आडव्या दांड्या आणि दांड्यांना जमिनीतून तिरके टेकू. टेकवायला भिंत नसते, म्हणून पुष्कळदा शेजाऱ्याची गाडी आणून समोर उभी करतात आणि तिच्या चाकाला टेकू देतात. त्या वाळवंटात शेजारी म्हणजे चार दिवसांपूर्वी आलेला अनोळखी माणूस. पण गाडी द्यायला तो सहसा नाही म्हणत नाही. चोवीस तास कोणी फळीस हात लावायचा नाही. दुसऱ्या दिवशी टेकू काढल्यावर जो तो टिचकी मारून पाहतो.

तळाची गोष्ट थोडी निराळी. दारातून शेगडीपर्यंत आणि शेगडीपासून पलंगापर्यंत माणूस दिवसातून शंभर वेळा चालतो, आणि तेवढीच वाट पायाखाली दबू लागते. पुष्कळ घरांचा तळही भिंतीसारखाच प्लायवूड आणि थर्माकोलच्या चळतीचा असतो. येथे पाण्याचा दोष नसताना केवळ पावलांच्या दाबाने थर सुटतात. अशा वेळी वरचे आच्छादन काढून सहा-सहा इंचांवर भोके पाडतात, पिचकारीने पातळ इपॉक्सी भरतात आणि वर फळी टाकून पाण्याचे भरलेले कॅन रांगेने ठेवतात. वीस लिटरचा कॅन म्हणजे वीस किलोचे वजन, आणि वाळवंटात असे कॅन प्रत्येकाकडे असतातच. सकाळी पाय ठेवला की फरक कळतो.

दाराशी अथवा मोरीखाली लाकूडच कुजले असेल तर या युक्तीचा उपयोग नाही. बाजारात ‘मुरणारी इपॉक्सी’ म्हणून पातळ केलेले मिश्रण मिळते आणि कुजलेले लाकूड दगडासारखे होईल असे तिच्याविषयी सांगतात. पातळ करण्यासाठी घातलेले द्रावक उडून गेल्यावर मागे बारीक छिद्रे राहतात. भुसा थोडा कडक होतो, पण त्यावर माणसाचे वजन टाकणे शहाणपणाचे नव्हे. कुजलेला भाग धड लाकूड लागेपर्यंत कापून काढावा, होड्यांसाठीचे चांगले प्लायवूड मापाने बसवावे, कापलेल्या कडांना इपॉक्सी पाजावी आणि सांधा जाड मिश्रणाने भरावा. हे वेळखाऊ आहे, पण तळ ज्याने एकदा उघडला त्याला दुसऱ्यांदा उघडण्याची हौस राहत नाही. भिंतीलाही हीच मर्यादा लागू आहे. प्लायवूडचा हातभर तुकडा गेला असेल तर इपॉक्सी तो सांभाळून घेते. अर्धी बाजू पिठासारखी झाली असेल तर पत्रा चिकटायला मागे काही उरलेलेच नसते. तेथे पूर्ण थर बदलावा लागतो आणि त्या जोडप्याला दुकानदाराचा अंदाज पुन्हा हाती घ्यावा लागतो. अलीकडे काही कारखाने लुआनऐवजी लाकूड नसलेल्या कृत्रिम पाट्या वापरू लागले आहेत. त्या कुजत नाहीत. घर थोडे महाग पडते, आणि नवे घेणाऱ्याने विक्रेत्यास पहिला प्रश्न हाच विचारावा.

मार्च सरत आला की ला पोसाच्या सपाटीवर शेवटची कामे चालतात. उघडी इपॉक्सी उन्हाने पिवळी पडून भुरभुरते, म्हणून तिच्यावर रंग द्यावा लागतो. कोपऱ्यांच्या पट्ट्या नव्या ब्यूटिल पट्टीवर बसवल्या जातात, स्क्रूच्या प्रत्येक भोकात आधी थेंबभर सीलंट आणि मग स्क्रू. छतावर गुडघ्यांवर बसून म्हातारी माणसे कडेकडेने सीलंटची रेघ ओढत सरकत असतात. खाली शिडी धरून जोडीदार उभा असतो आणि कोठे रेघ तुटली ते दाखवतो. १५ एप्रिलला परवान्याची मुदत संपते. त्याच्या आधीच एकेक घर गाडीला जोडले जाते आणि सपाटीवर चाकांच्या खुणा तेवढ्या राहतात. उत्तरेकडे निघालेल्यांना ओरेगॉनच्या किनाऱ्याजवळ पहिला पाऊस लागतो. त्या रात्री गाडी थांबवल्यावर पलंगाखालचा कप्पा उघडून, दुरुस्त केलेल्या कोपऱ्यावर हात फिरवून, तो कोरडा आहे की नाही ते पाहिले जाते, आणि सकाळी पुन्हा एकदा.